बेळगावात व्हेपची पाहणी करायची तर आधी मावा, विडी आणि मिश्री विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणीतल्या पीयूसी (अकरावी-बारावी) आणि डिग्री कॉलेजांतल्या १६ ते २२ वयाच्या ४०० मुलामुलींमध्ये 'व्हेपिंगविषयीची माहिती, दृष्टिकोन आणि वर्तन' असा प्रबंध करायचा आहे. व्हेप म्हणजे ई-सिगारेट. पंचवीस प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार आहे आणि तो सोबत जोडलाय. शंका तीन: बंदी असलेल्या गोष्टीबद्दल मुलं खरं सांगतील का, ४०० पुरतील का, आणि अमेरिकेतली प्रश्नावली भाषांतर करून चालेल का.

तिन्हींचं उत्तर 'आहे तसं नाही' असंच आहे. पण प्रबंध होण्यासारखा आहे, सोडू नका. मी या पट्ट्यात तंबाखूच्या पाहण्याही करतो आणि तंबाखू सोडायला आलेल्यांशी बोलतोही, त्यामुळे कागदावर आलेलं आणि खुर्चीत बसून सांगितलेलं यात किती अंतर असतं ते रोज दिसतं. त्या अंतरावरूनच सांगतो.

आधी फॉर्म. पंचवीसपैकी अकरा प्रश्न 'व्हेप आरोग्यास हानिकारक आहे असे तुम्हाला वाटते का' या जातीचे आहेत. यांची उत्तरं मी आत्ताच लिहून देतो: दहातली नऊ मुलं 'हो' म्हणणार. शाळेपासून तंबाखूविरोधी पोस्टर रंगवत आलेली, निबंधात 'व्यसन म्हणजे मृत्यूला आमंत्रण' लिहून पाचपैकी चार मार्क मिळवलेली ही मुलं आहेत. असा प्रश्न समोर आला की ती पेपर सोडवतात, मत देत नाहीत. मग तुमच्या प्रबंधात 'विद्यार्थ्यांमध्ये जागरूकता चांगली आढळली' असं एक वाक्य येईल आणि त्यातून कुणालाच काही कळणार नाही.

मुलांच्या डोक्यात प्रश्न 'घातक आहे का' हा नसतोच. 'कशापेक्षा?' हा असतो. सिगारेटपेक्षा, माव्यापेक्षा, हुक्क्यापेक्षा, की काहीच न घेण्यापेक्षा. समुपदेशनाला आलेला कॉमर्सचा एक मुलगा मला म्हणाला होता, "सर, माव्यानं तोंड उघडेना झालं दादाचं. मी निदान ते तरी खात नाही." त्याच्या पेनच्या पाऊचमध्ये हायलायटरसारखं दिसणारं, फिकट हिरवं, टोक चावून चावून पांढरं पडलेलं एक डिस्पोजेबल व्हेप होतं. त्यावर फळाचं चित्र होतं, निकोटिन किती ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. तुमच्या फॉर्ममधल्या त्या अकराही प्रश्नांना त्यानं 'हो' लिहिलं असतं, आणि त्याच्या दृष्टीनं त्यात खोटं काही नसतं.

तेव्हा ते अकरा काढा आणि तुलनेचे चार घाला. व्हेपचं नुकसान सिगारेटपेक्षा कमी, तेवढंच, जास्त, की सांगता येत नाही? हेच माव्याशी किंवा गुटख्याशी. हेच हुक्क्याशी. आणि चौथा, अधूनमधून फक्त मित्रांबरोबर ओढणं आणि रोज ओढणं यातला फरक त्यांना किती वाटतो. 'सांगता येत नाही' हा पर्याय गाळू नका. बऱ्याच फॉर्ममध्ये तो आकडे नीट यावेत म्हणून काढतात, आणि तिथंच मुलांचं खरं उत्तर हरवतं.

इथं शास्त्राचीही एक अडचण आहे आणि ती तुम्हाला तोंडी परीक्षेत विचारली जाईल. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या प्रौढानं पूर्णपणे व्हेपवर जाणं, यात जळण्यातून येणारी विषारी द्रव्यं कमी होतात. निकोटिनवाल्या व्हेपनं सिगारेट सुटण्याचं प्रमाण निकोटिनच्या च्युइंगम-पॅचपेक्षा जास्त असल्याचा पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात भक्कम मानला गेलाय. पण सतरा वर्षांच्या, कधीच काही न ओढलेल्या मुलाची तुलना सिगारेटशी करायची नसते, काहीच न घेण्याशी करायची असते. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि निकोटिनची सवय त्या वयात लवकर आणि घट्ट बसते. मुलं पहिल्या गटासाठीचं वाक्य इंस्टाग्रामवर ऐकतात आणि स्वतःला लावतात. हा सांधा नेमका कुठं चुकतो ते तुमच्या तुलनेच्या प्रश्नांतून दिसेल.

आता आपल्या भागाचं. परदेशी प्रश्नावली इथं जशीच्या तशी का चालत नाही, तर तिकडं 'तंबाखू' म्हणजे मुख्यतः सिगारेट. आपल्याकडं २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत २८.६ टक्के प्रौढ कुठला ना कुठला तंबाखू घेत होते. त्यात न ओढता तोंडात धरण्याचा किंवा चघळण्याचा तंबाखू घेणारे २१.४ टक्के आणि ओढणारे १०.७ टक्के. आपला पट्टा तर याच्या पोटातला. निपाणीच्या एखाद्या घरात आजोबांनी तंबाखू पिकवला, आईनं विड्या वळून पोरांची फी भरली आणि आजी सकाळी मिश्रीनं दात घासते. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन तिथल्या जुन्या माणसांना अजून काल घडल्यासारखं आठवतं. अशा घरातल्या मुलीला 'तुमच्या कुटुंबात कुणी तंबाखूचं सेवन करतं का' असं विचारलं तर ती 'नाही' लिहिते. खोटं बोलत नसते. मिश्री हा तिच्या लेखी तंबाखू नसतोच, ते दात घासायचं आहे.

म्हणून प्रत्येक गोष्ट नावानं विचारा आणि एका खाली एक लिहा: मिश्री, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, विडी, सिगारेट, हुक्का, व्हेप. गुटख्याच्या रांगेत 'पानमसाला आणि तंबाखूची वेगवेगळी पुडी घेऊन एकत्र करणं' हेही लिहा. महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून गुटखाबंदी आहे, तेव्हापासून टपरीवर दोन पुड्या जोडीनं मिळतात आणि मुलं म्हणतात, 'गुटखा? छे, तो तर बंद आहे.' प्रत्येक रांगेपुढं तीन चौकोन: कधीतरी एकदा तरी, गेल्या ३० दिवसांत, रोज किंवा जवळजवळ रोज. या तीन गोष्टी एकात मिसळल्या की पाहणी वाया गेली समजा. वाढदिवसाला एक झुरका मारलेला आणि उठल्यावर अंथरुणातच व्हेपला हात घालणारा, दोघांनाही 'व्हेपर' म्हणून मोजलं जातं आणि वर्तमानपत्रात मथळा येतो.

अमेरिकेतले आकडे वापरणार असाल तर हे लक्षात ठेवा. त्यांच्या राष्ट्रीय युवा तंबाखू पाहणीत 'सध्या वापर' म्हणजे गेल्या ३० दिवसांत एकदा तरी. या मापानं हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं २०१९ मध्ये व्हेप करत होती. २०२४ मध्ये तो आकडा ७.८ टक्क्यांवर आला. आपल्याकडच्या बऱ्याच लेखांत पहिला आकडा अजून 'आजची परिस्थिती' म्हणून फिरतोय. तसंच २०१९ साली तिकडं फुप्फुसं निकामी होऊन माणसं गेली, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले, ते मुख्यतः गांजाच्या अर्काच्या व्हेप-कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटमुळं. तुमच्या प्रस्तावनेत ते सरसकट व्हेपच्या नावावर घातलंय, दुरुस्त करा. परीक्षक छातीचा डॉक्टर निघाला तर तिथंच थांबवेल.

भारताचं हाताशी असलेलं माप म्हणजे २०१९ ची जागतिक युवा तंबाखू पाहणी, १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची. त्यात ई-सिगारेट ऐकून माहीत असलेली २८.४ टक्के, आणि कधीतरी वापरलेली २.८ टक्के. प्रौढांच्या २०१६-१७ च्या पाहणीत ऐकून माहीत असलेले जेमतेम ३ टक्के होते. म्हणजे आई-बापाला शब्द माहीत नाही आणि आठवीतल्या पोराला माहीत आहे. घरातल्या बोलण्याचा प्रश्न ठेवणार असाल तर ही दरी लक्षात घेऊन ठेवा. 'पालकांनी कधी व्हेपबद्दल बजावलंय का' याला येणारं 'नाही' हे बऱ्याचदा दुर्लक्ष नसतं. त्यांना ती वस्तू दिसली तरी ती पेनड्राइव्ह वाटते.

आता नमुन्याचं. कधीतरी व्हेप वापरलेली शाळकरी मुलं २.८, म्हणजे साधारण ३ टक्के, तेच धरून चालू. ४०० मुलांत किती सापडतील? बारा. या बारांवरून तुमचा अंदाज साधारण पावणेदोन ते सव्वापाच टक्के एवढा हलतो. मग त्यात मुलगे-मुली, शहर-खेडं, पीयूसी-डिग्री असे तुकडे केले की एकेका खान्यात दोन-तीन मुलं उरतात आणि त्यावर काय-स्क्वेअर (गटांतला फरक खरा की योगायोग ते तपासायची चाचणी) लावायचा मोह होतो. लावू नका. नमुना किती हवा ते फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर या सूत्रानं बघा: पी ३, क्यू ९७, एक टक्क्याची मुभा, म्हणजे ११६४. शिवाय तुम्ही एकेक मूल सुटं उचलणार नाही, वर्गच्या वर्ग घेणार. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी वागतात, म्हणून डिझाइन इफेक्ट (त्यासाठी नमुना जितक्या पटीनं वाढवावा लागतो तो आकडा) २ धरला तर २३०० च्या पुढं. एकट्या विद्यार्थिनीला हे शक्य नाही, आणि हे गाइडना पटवणं हीच तुमची पहिली लढाई आहे.

माझा सल्ला: 'किती टक्के मुलं व्हेप करतात' हा प्रश्न प्रबंधातून काढूनच टाका. ४०० मुलांत दृष्टिकोन, तुलना, ओळखीतून मिळण्याची सोय, 'मित्रानं पुढं केलं तर घ्याल का' हे सगळं व्यवस्थित मोजता येतं, कारण या उत्तरांचं प्रमाण तीन टक्के नसतं, वीस-पन्नास टक्के असतं. त्याच्या जोडीला व्हेप वापरलेल्या पंधरा-वीस जणांच्या निवांत मुलाखती. हा प्रबंध छोटा दिसेल पण वाचण्यासारखा होईल.

'मित्रानं पुढं केलं तर' हा प्रश्न हलका समजू नका. ज्यांनी अजून कधीच घेतलं नाही त्यांच्यात 'नक्की नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर देणारे, अगदी 'बहुतेक नाही' म्हणणारेसुद्धा, पुढं सुरू करण्याची शक्यता जास्त, हे सिगारेटच्या संशोधनात नव्वदच्या दशकापासून तपासलं गेलंय. चार पर्याय द्या आणि 'नक्की नाही' आणि 'बहुतेक नाही' कधीच एकत्र करू नका. आमच्या गटचर्चांत बरीच मुलं नेमकी या दोन पर्यायांच्या मधे घुटमळतात.

खरं सांगतील का, याचं उत्तर कायद्यापासून सुरू करावं लागतं, कारण मुलांच्याच नव्हे, प्राध्यापकांच्याही डोक्यात तो धूसर आहे. कर्नाटकानं २०१६ मध्येच ई-सिगारेटवर बंदी घातली होती. केंद्राचा वटहुकूम सप्टेंबर २०१९ चा आणि त्यानंतर त्याच वर्षी कायदा. बनवणं, आणणं, नेणं, विकणं, जाहिरात करणं हे गुन्हे: पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला वेगळी शिक्षा. पण स्वतः ओढण्याला या कायद्यात शिक्षा नाही. मुलांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं फॉर्मवर 'हो' लिहिलं की पोलीस. आणि खरी भीती पोलिसांची नसतेच, ती 'टीसी' हातात मिळण्याची आणि घरी फोन जाण्याची असते.

गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपमध्ये क्लास टीचर असतात आणि फॉर्मवर ईमेल गोळा करण्याची खूण चुकून चालू राहते. कागद द्या. पेन तुम्हीच द्या, सगळ्यांना एकच शाईचं. बाकावर एक आड एक बसवा. शिक्षक खोलीबाहेर, हे आधीच लेखी ठरवून घ्या. मी एका वर्गातून परत आलेले कागद चाळत होतो. मागच्या दोन बाकांवरच्या कागदांत व्हेपच्या रांगेतल्या चौकोनात आधी बरोबरची खूण, मग ती गिरवून गिरवून काळा ठिपका, आणि शेजारी 'नाही'. एकावर नाही, चारवर. पर्यवेक्षक सर त्या वेळी मागच्या भिंतीला टेकून उभे होते. बाकी वर्गात अशी खाडाखोड कुठंच नव्हती.

मग पर्याय काय? नाजूक तीन-चार प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर घ्या, त्यावर फक्त मुलगा-मुलगी आणि वय. चिठ्ठी दुमडून खोक्यात, खोकं मुलांसमोर हलवायचं. चिठ्ठी मूळ फॉर्मला जोडता येणार नाही, हे नुकसान सोसा. किंवा दोन्हींवर आधीच छापलेला एकच यादृच्छिक क्रमांक ठेवा आणि कागद वाटण्याआधी मुलांच्या हातानं गठ्ठा पिसून घ्या.

पुस्तकांत नाणं उडवण्याची एक पद्धत सापडेल. छापा आला तर डोळे झाकून 'हो' लिहायचं, काटा आला तर खरं. कोण कशानं 'हो' म्हणालं ते कुणालाच कळत नाही, आणि गणितानं एकूण प्रमाण काढता येतं: 'हो' च्या टक्क्यांतून ५० वजा करून दुप्पट. वर्गात मुलांना ते फार आवडतं, आणि तुमच्यासाठी ते निरुपयोगी आहे. समजा ४०० मध्ये २१६ 'हो' आले. ५४ टक्क्यांतून ५० गेले, दुप्पट ८. पण या ८ टक्क्यांभोवतीची चूक अधिक-उणे जवळजवळ १० टक्क्यांची आहे. नाण्यानं आणलेला गोंधळ खरं बोलण्यातून झालेल्या फायद्याला गिळून टाकतो. हजारोंचा नमुना असेल तेव्हा वापरा.

उलट बाजूही सांभाळायला हवी, विशेषतः मुलग्यांत: न केलेलं केलं म्हणून सांगणारे. यादीत एक न अस्तित्वात असलेली वस्तू घाला, नाव तुम्हीच बनवा, ऐकायला खरं वाटेल असं. तिच्यापुढं 'गेल्या ३० दिवसांत' ला खूण करणारे कागद बाजूला काढा आणि किती काढले ते प्रबंधात लिहा.

लघवीतून किंवा लाळेतून कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारं द्रव्य) तपासून खरं-खोटं करण्याची कल्पना तुमच्या गाइडनी मांडली आहे. आपल्या भागात ती फसते. कोटिनिन निकोटिन शरीरात गेल्याचं सांगतं, कुठल्या वाटेनं गेलं ते सांगत नाही. मावा खाल्ला, मिश्री लावली, व्हेप मारलं, तिन्हींत ते येणार. त्याची अर्धी मात्रा उतरायला सोळा-एक तास लागतात, म्हणजे शनिवारी रात्री एकदा ओढणारा पोरगा गुरुवारी स्वच्छ निघू शकतो. फुंकून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्रही उपयोगाचं नाही: व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे ते दाखवणार काय? सिगारेट ओढणाऱ्याला पकडेल आणि व्हेपवाल्याला पावती देईल. खर्च वाचवा.

मुलाखतींत काय विचारायचं, यावर मी जास्त वेळ घालवेन. पहिलं, वस्तू हातात कशी आली. दुकान, टपरी, इंस्टाग्राम, टेलिग्राम, हॉस्टेलवरचा सीनियर, गोव्याहून किंवा पुण्याहून आलेला भाऊ. 'कुठून विकत घेतलं' असं विचारलंत तर निम्मी मुलं गप्प, कारण बऱ्याच जणांनी विकत घेतलेलंच नसतं. एक व्हेप पाच-सहा जणांत फिरतं. 'शेवटचं कुणाच्या हातातून घेतलं' असं विचारा, नाव न विचारता नातं विचारा. विकणाऱ्याचं नाव, दुकानाचा पत्ता कुणी सांगायला लागलं तर थांबवा. ती माहिती तुमच्या वहीत आली की तुम्ही संशोधक राहत नाही, साक्षीदार होता.

दुसरं, जागा आणि वेळ. सिगारेट सोडून व्हेप का, याचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर आरोग्याचं नसतं, वासाचं असतं. घरी आई कपड्यांचा वास घेते. मुलींच्या मुलाखतींत हे आणखी ठळक होतं. टिळकवाडीत किंवा कॅम्पात एखादी मुलगी रस्त्यावर सिगारेट ओढताना दिसली तर संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना कळतं. व्हेप बाथरूममध्ये, बाहीत, टेरेसवर होतं आणि मागं काही राहत नाही. म्हणून मुलींसाठी वेगळी मुलाखतकार हवी, आणि 'तू घेतेस का' नं सुरुवात नको. 'तुमच्या ग्रुपमध्ये मुली सिगारेट आणि व्हेपकडं कसं बघतात' इथून आत जा.

तिसरं, आत काय आहे. 'त्यात निकोटिन असतं का: हो, नाही, माहीत नाही, कधी असतं कधी नसतं.' अमेरिकेत ट्रुथ इनिशिएटिव्ह या तंबाखूविरोधी संस्थेनं २०१८ मध्ये छापलेल्या पाहणीत, जूल ही तिथली ई-सिगारेट वापरणाऱ्या १५ ते २४ वयाच्या ६३ टक्के जणांना त्यात नेहमीच निकोटिन असतं हे माहीत नव्हतं. तिथं निदान पाकिटावर छापलेलं तरी असायचं. आपल्याकडं सगळाच माल चोरवाटेनं आलेला, काही वेळा लेबल नाही, असलं तर चिनी. 'फक्त फ्लेवर आहे, सर' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, पुढचा प्रश्न विचारतो: सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला पफ? सुट्टीत घरी गेल्यावर दोन दिवस मिळालं नाही तेव्हा चिडचिड झाली का? 'फक्त फ्लेवर' वाला इथं अडकतो. हल्लीच्या वस्तूंत निकोटिन मीठरूपात असतं, घशाला खरखरत नाही, म्हणून जास्त मात्रा सहज आत जाते. युरोपीय संघात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे; 'पाच टक्के' लिहिलेल्या वस्तूत साधारण ५० असतं.

चौथं, सीमेचं. व्हेपबंदी देशभर एकच आहे, तिथं सीमा नाही. पण बाकीच्या गोष्टींत आहे. कर्नाटकाच्या दुरुस्त कायद्यात तंबाखू विकत घ्यायचं वय आता २१ झालंय आणि हुक्का बारवर बंदी आहे. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे, वयाची अट मात्र १८. म्हणजे बेळगावात ज्या एकोणीस वर्षांच्या पोराला सिगारेट विकणं बेकायदा, त्याला सीमेवरची बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत गेलं की बेकायदा नाही. निपाणीच्या पोराला महाराष्ट्रातलं कागल तसंच जवळ. याचा व्हेपवर काय परिणाम होतो? सिगारेट मिळणं अवघड झाल्यावर पोरं व्हेपकडं वळतात, सीमेपलीकडं जातात, की टपरीवाला ओळखीचा असल्यानं काहीच बदलत नाही? हा प्रश्न इथं बसून विचारता येतो, बंगळूरात किंवा पुण्यात बसून नाही. मी तुमच्या जागी असतो तर प्रबंधाचं शीर्षकच यावर ठेवलं असतं.

व्हेपमुळं सिगारेट लागते का, या प्रश्नात फार शिरू नका. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात, व्हेप घेतलेल्या पण सिगारेट न ओढलेल्या तरुणांत पुढं सिगारेट सुरू होण्याची शक्यता साडेतीन पटींहून जास्त दिसली. पण काहीही करून बघणारं पोर दोन्ही करून बघतं, हाही खुलासा आहे. एका वेळच्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. फक्त 'सगळ्यात पहिल्यांदा यातलं काय घेतलं, कितव्या वर्षी' एवढं विचारा. आपल्याकडं पहिलं उत्तर बऱ्याचदा मावा किंवा सुपारी येईल, आणि परदेशातल्या सगळ्या आकृत्या सिगारेट-व्हेप अशा दोनच खान्यांत काढलेल्या असतात.

भाषेचं एक. फॉर्म मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत छापा आणि मुलांना हवा तो उचलू द्या. पण 'मातृभाषा' हा रकाना पहिल्या पानावर ठेवू नका. आपल्याकडं अनोळखी माणूस फॉर्म घेऊन आला आणि पहिलाच प्रश्न मातृभाषा, की पोरांना वाटतं सीमाप्रश्नाचं काहीतरी आहे; कन्नड मुलंही बिथरतात आणि मराठीही. हवाच असेल तर शेवटी, 'घरात जास्त कुठली भाषा बोलता' असा. वस्तूंची चित्रं छापा, चित्र बघून मुलं चटकन सांगतात.

परवानग्या. १८ खालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची लेखी तयारी दोन्ही लागतात, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं. घरी जाणाऱ्या कागदावर 'व्हेपिंग' हे शीर्षक असलं तर पोराची त्या रात्री उलटतपासणी होते आणि सकाळी ते सही आणत नाही. नैतिक समितीशी आधी बोला: 'तरुणांच्या आरोग्यसवयी' असं शीर्षक आणि आत तंबाखू-व्हेपचा स्पष्ट उल्लेख, हे चालतं का. लपवायचं काही नाही, पण मथळा तो नको. वेळ कमी असेल तर सरळ १८ ते २२ घ्या, डिग्रीची मुलं. पीयूसी हातची जाईल, पण प्रबंध जूनपर्यंत होईल. आणि हे फक्त कॉलेजात येणाऱ्यांचं चित्र आहे, उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला लागलेली त्याच वयाची मुलं यात नाहीत, हे मर्यादांत लिहा.

प्रत्येक मुलाच्या हातात जाताना एक छोटी चिठ्ठी द्या, ओढणाऱ्याला आणि न ओढणाऱ्याला सारखीच, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. त्यावर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर. व्हेप सोडायलाही तिथं बोलता येतं.

शेवटी एक अडचण नक्की येणार. काम संपल्यावर प्राचार्य बोलावतील, चहा देतील आणि विचारतील, "आमच्या कॉलेजचा आकडा किती?" परवानगीच्या पत्रातच आधी लिहून द्या की कॉलेजवार आकडे कुणालाही मिळणार नाहीत, त्यांनाही नाही, आणि त्या पत्रावर त्यांची सही घ्या. मग चहा पिऊन सही दाखवता येते.